कानबाईच्या गाण्याचा मालक

संपादकांचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या मोबाईलच्या चार्जिंगच्या खाचेतून बाजरीचं पीठ काढत होतो. पाण्यात पडलेला फोन तांदळात ठेवला की सुकतो, असं त्या गृहस्थांनी कुठेतरी ऐकलं होतं. घरात तांदूळ नव्हता, पीठ होतं. "शेवटी धान्यच ना ते?" असं त्यांचं म्हणणं. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या माझ्या दुकानात अशी माणसं रोज येतात आणि त्यांच्यावर माझं पोट आणि माझं लेखन, दोन्ही चालत आलं आहे.

संपादक म्हणाले, "असंच काहीतरी लिहा अविभाऊ. गमतीदार गिऱ्हाइकं, बदललेलं तंत्रज्ञान आणि तुमची ती परखड मतं." परखड मतं म्हटल्याबरोबर माझ्या हातातली सुई थांबली. हल्ली हा शब्द माझ्यासाठी कुणी वापरला की मला कानकोंडं झाल्यासारखं होतं. का होतं तेच आज लिहितो. वाटेत गमती येतील तेवढ्या येऊ देत, पण मी हे लिहितो आहे ते लाज वाटते म्हणून.

आधी धंदा सांगतो. मी मोबाईल, टीव्ही, स्पीकर असल्या वस्तू विकतो आणि बिघडल्या की दुरुस्त करतो. शिवाय इथल्या एका दैनिकात दर रविवारी सदर लिहितो आणि 'अविभाऊ सांगतो' या नावाने इंटरनेटवर व्हिडिओ टाकतो. नवा फोन आला की तो काही दिवस खिशात वागवायचा, उन्हात तापवायचा, केळीच्या बागेत नेऊन रेंज बघायची, धुळ्याच्या रस्त्यावरची धूळ त्याला खाऊ घालायची आणि मग खरं काय ते लोकांना सांगायचं. विकणाऱ्यानेच मालाला नावं ठेवायची हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, असं माझी बायको सुनंदा म्हणते. पण नावं ठेवल्यामुळेच लोकांचा माझ्यावर विश्वास बसला.

आमच्याकडे नवा फोन लोकांसमोर आणायचा तर पंचतारांकित हॉटेल लागत नाही. थंडीत एखाद्या वितरकाच्या मळ्यात भरीत-पार्टी होते. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतात, लाकडी उखळीत ठेचतात, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी असते, आणि तुमचं तोंड चांगलं पोळलं की यजमान हळूच विचारतो, "मग कॅमेरा आवडला ना भाऊ?" दुसऱ्याचं भरीत खाल्लेल्या तोंडाने त्याच्या कॅमेऱ्याला वाईट म्हणणं फार अवघड असतं. वर्तमानपत्रातले भलेभले तिथे विरघळतात. मी वाईट म्हणत असे. पुढच्या वर्षी बोलावणं येत नसे, आणि बोलावणं न येण्याचा मला भारी अभिमान होता.

माझं नाव झालं ते मात्र पहूरच्या एका नानांमुळे. त्यांनी माझ्याकडून भिंतीएवढा टीव्ही नेला होता. थोड्याच दिवसांत ते तणतणत परत आले. टीव्ही लावला की आधी जाहिरात दिसायची, बंद करताना परत जाहिरात. काउंटरवर रिमोट आपटून म्हणाले, "टीव्ही माह्या, भित माही, लाईटबिल मी भरतो. मंग हा जाह्यरातवाला माह्या घरात कोनाले इचारून आला?"

मी त्यांना समजावलं की कंपनी टीव्ही स्वस्तात देते आणि मग टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला जाहिरातवाल्यांना विकते. नाना म्हणाले, "म्हंजे इकत मी घेतलं, आन् इकला गेलो बी मीच?" त्या रविवारच्या सदराला मी नानांचंच वाक्य मथळा म्हणून दिलं: 'कोनाले इचारून आला?' तेव्हापासून ते माझं पालुपद झालं. फोनच्या खोक्यातून चार्जर गायब झाला, तेव्हा लिहिलं, कोनाले इचारून? बॅटरी अशी चिकटवली की दुकानदारालाही निघेना, तेव्हाही तेच. पैसे भरून घेतलेली गाणी एका सकाळी फोनवरून नाहीशी झाली, कारण दोन कंपन्यांचा आपसातला करार संपला होता. तेव्हा तर मी आगपाखड केली. आपण वस्तू विकत घेतो पण मालक होत नाही. मालक कुठेतरी लांब बसलेला असतो आणि त्याला आपला चेहराही ठाऊक नसतो, हे माझं मत. लोक रस्त्यात थांबवून ते मला ऐकवून दाखवत. मला ते आवडायचं, हेही कबूल करतो.

आता अक्का.

सुनंदाचं माहेर नरडाण्याजवळच्या एका गावात. तिथल्या सगळ्या भाऊबंदांची कानबाई सुनंदाच्या मोठ्या काकूंच्या घरी बसते. त्यांना सगळं गाव अक्का म्हणतं. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाची देवी मांडतात, तिला नथ आणि दागिने घालतात, रात्रभर बायका गाणी म्हणतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत तिला नदीवर नेतात. त्या दिवशी जो रोटाचा, म्हणजे देवीच्या नैवेद्याचा, स्वयंपाक होतो तो भाऊबंदांनीच खायचा, उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही. मी जावई, म्हणजे दुसऱ्या कुळातला, म्हणून माझं ताट वेगळ्या स्वयंपाकाचं. त्या घरात मला मान सगळ्यात जास्त आणि रोट मात्र नाही.

त्या घराची आणखी एक रीत आहे. सोमवारी कानबाई उठवायच्या आधी अक्का एक गाणं म्हणतात. त्यात घरातल्या सगळ्या लेकींची नावं एकेक करून येतात, सासरी गेलेल्यांचीसुद्धा. जिचं नाव येईल तिने डोक्यावर पदर घेऊन हात जोडायचे. जी आली नसेल तिनेही, जिथे असेल तिथे. कानबाई जाताना लेकींकडे एकदा बघून जाते, असा समज आहे. अक्कांचा आवाज गोड नाही. जाड आहे आणि मध्ये मध्ये फाटतो. पण नाव घेताना त्या असा काही सूर लावतात की सुनंदाचं नाव आलं की माझ्याही अंगावर काटा येतो.

एका उन्हाळ्यात मी कॉलरला लावायचा एक नवा माइक तपासत होतो. माइक उत्तम होता. असल्या माइकवर अक्कांचं गाणं घेतलं पाहिजे असं माझ्या मनात आलं, आणि मनात आलं की मला धीर धरवत नाही. आम्ही गावी गेलो. अक्का म्हणाल्या, "कानबाई बसेल नही आनि गानं कसं म्हनू, जवाईबुवा?" ते गाणं श्रावणाबाहेर म्हणत नाहीत. मी म्हटलं, जपून ठेवण्यासाठी आहे. त्या तयार होईनात. शेवटी मी देवळीतला नारळ उचलून पाटावर ठेवला आणि म्हटलं, "घ्या, बसली." सुनंदाने माझ्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी तिथेच थांबला असता. अक्का हसल्या. जावयाचा हट्ट म्हणून म्हणायला बसल्या.

नावं आली तेव्हा मी हाताने थांबवलं. म्हटलं, "अक्का, नावं नकोत. लांबेल. आणि हे जगासाठी आहे, जगाला आपल्या पोरींची नावं काय करायची?"

अक्का म्हणाल्या, "नाव नही लिधं तं कानबाई कोनाकडे देखी?"

त्या वेळी मला हा प्रश्न भाबडा वाटला. नावं वगळून त्यांनी गाणं पुरं केलं. घरी येऊन मी बांगड्यांचा आवाज, मागच्या बायकांचं गुणगुणणं, कुठेतरी भांडं पडलेलं, सगळं यंत्राने पुसून गाणं स्वच्छ केलं आणि लगेच 'अविभाऊ सांगतो'वर टाकलं. सुरत, नाशिक, पुणे, जिथे जिथे खानदेशी माणूस पोटासाठी गेला आहे तिथे तिथे ते वाजलं. ज्या जावयाला रोटाचा घास बाहेर नेता येत नाही, त्याने घरातलं गाणं मात्र गावभर नेलं, असं सुनंदा म्हणाली. मी ते हसण्यावारी नेलं.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. आमच्याकडे अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ काढण्याचा मोठा धंदा आहे. धुळ्याच्या एका पार्टीने अक्कांचा आवाज जसाच्या तसा उचलला, खाली डीजेचा ठोका लावला, वर नाचणाऱ्या पोरी दाखवल्या आणि गाणं आमचं म्हणून टाकलं. मी संतापलो. सदरात लिहिलं, व्हिडिओ केला, आणि मग कायमचा बंदोबस्त करायचा म्हणून एका मध्यस्थ कंपनीमार्फत गाणं नोंदवलं.

ही नोंदणी म्हणजे काय ते नीट सांगितलं पाहिजे. व्हिडिओंच्या त्या मोठ्या साईटवर जगभरातून इतका माल येऊन पडतो की माणसांनी तो बघणं शक्य नाही. म्हणून यंत्र ऐकतं. गाणं नोंदवलं की यंत्र त्याचा ठसा घेऊन ठेवतं, आवाजाचाही आणि चालीचाही. पुढे कुणीही काही टाकलं किंवा थेट दाखवायला लागलं की ते ताडून बघतं. जुळलं, तर मालकाने आधी सांगून ठेवलेलं असेल तसं करतं: चालू देतं, किंवा जाहिरातीचा पैसा मालकाकडे वळवतं, किंवा बंद पाडतं. मालकाला परत विचारत नाही. गाणारी कोण आहे हे बघत नाही.

पैसा वळवायचा पर्याय मी घेतला नाही. देवीच्या गाण्यावर कमवायचं नाही, हे माझं तत्त्व. मी 'बंद' निवडलं. त्याच्या खाली एक चौकट होती: 'या गाण्याचा मालक मी आहे.' तिथे खूण केल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. मी खूण केली. छाती फुगली होती. पैशासाठी केलं असतं तर आज एखादे वेळी कमी लाजलो असतो. हाव लोकांना कळते, तिला माफीही मिळते. मी हे तत्त्वासाठी केलं होतं.

धुळ्याचा व्हिडिओ तासाभरात उडाला. मी अक्कांना जाऊन सांगितलं, "गाणं आता तुमच्या नावावर सुरक्षित आहे."

"मना नाववर?"

"म्हणजे... नोंद माझ्या नावावर आहे. पण तुमच्यासाठीच."

अक्का गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माले मनी सासूनी शिकाडं, तिले तिनी सासूनी. त्यावर कोनंच नाव नव्हतं. बरं, जवाईबुवा. तुमले समजस ते खरं." 'तुम्हाला कळतं ते खरं' हे माझ्यावर टाकलेलं ओझं होतं, आणि मी ते शाबासकी समजून घरी आलो.

मग श्रावण आला. अक्कांची थोरली लेक मंगल सुरतेला असते, तिचा नवरा तिथे साड्यांच्या कारखान्यात आहे. मंगलने कानबाई कधी चुकवली नव्हती. त्या वर्षी तिचा पाय मोडला, प्लास्टर मांडीपर्यंत, प्रवास शक्यच नव्हता. फोनवर ती माय-माय करून रडली म्हणे. मग अक्कांच्या सुनेने, ज्योतीने, तोड काढली. गाणं त्याच व्हिडिओंच्या साईटवर स्वतःच्या खात्यावरून थेट दाखवायचं, मंगल तिकडे पलंगावर बसून बघेल आणि नाव आलं की हात जोडेल. ज्योतीने मला विचारलं, "भाऊ, फोन कोणता चांगला?" मी मोठ्या हौसेने दुकानातला माझा तपासणीचा फोन दिला, तो उभा करायचं तिकाटणं दिलं, प्रकाश कसा घ्यायचा ते शिकवलं. आणि एवढं सगळं शिकवताना, यंत्राला मी काय सांगून ठेवलं आहे, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. लोक मला तज्ज्ञ म्हणतात.

सोमवारी सकाळी घर भरलं होतं. कानबाई चौरंगावर नथ घालून बसलेली, समोर बायका दाटीवाटीने, आणि मला जावई म्हणून खुर्ची, तीही अगदी पुढे. बाहेर डफ वाजायला लागले होते. शेजारच्या गल्लीची कानबाई निघाली होती आणि नदीवर सगळ्यांनी बरोबर पोचायचं असतं. ज्योतीने फोन चालू केला. अक्कांनी सूर धरला.

गाणं रंगलं. नावं सुरू झाली. धाकट्या लेकींची आधी येतात, थोरलीचं शेवटी. सुनंदाचं आलं, तिने पदर घेतला. आणखी दोघींची आली. आणि ज्योती एकदम म्हणाली, "अक्का, बंद पडी गयं."

"रेंज गयी का?" कुणीतरी विचारलं.

"नही. आठे काही लिखेल शे." ज्योती बारावी झालेली. तिने फोन डोळ्यांजवळ धरला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं, की हे गाणं 'अविभाऊ सांगतो' यांच्या मालकीचं आहे, त्यांची परवानगी नाही, म्हणून प्रसारण थांबवण्यात आलं आहे.

सगळ्यांनी आधी फोनकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मला वाटलं आता कुणीतरी बोलेल. कुणीतरी शिवी घालावी असं मला मनापासून वाटत होतं. पण जावयाला कोण बोलणार? अक्कांचे दीर, आबा, दारात उभे होते. तेच घाईघाईने म्हणाले, "जवाईनं काय चुकनं? मशीननं चुकनं व्हई. ए, जवाईले चहा द्या." आणि खरोखर, कानबाई खोळंबलेली असताना, एक बाई उठून माझ्यासाठी चहा घेऊन आली. तो कप हातात धरून मी बसलो. आयुष्यात इतका गरम चहा मी कधी धरला नसेल, आणि तो खाली ठेवायची माझी हिंमत झाली नाही.

मग मी काय करायला पाहिजे होतं? मी माझा फोन काढला आणि त्या कंपनीच्या पानावर मालकी सोडण्याचं बटण शोधू लागलो. सापडलं. दाबलं. यंत्राने नम्रपणे कळवलं की तुमची विनंती मिळाली आहे, कामकाजाच्या दिवसांत तिचा विचार होईल. मी परत दाबलं. परत तेच. गाणं बंद पाडायला त्याला क्षण लागला होता, सोडायला मात्र कामकाजाचे दिवस लागणार होते. असल्या गोष्टींवर मी केवढे लेख लिहिले असतील. बाहेरून डफवाल्याने हाक मारली, "व्हयनं का नही?"

"बाजूला ठेवा ते," सुनंदा मला म्हणाली. हळू म्हणाली, पण तो आवाज मी ओळखतो. मग ज्योतीकडे वळून म्हणाली, "साधा फोन लाव ना गं मंगलला."

साधा फोन. आवाज इकडून तिकडे नेणारा. घरात माझा धरून डझनभर फोन होते आणि मला ते सुचलं नव्हतं.

ज्योतीने लावला, आवाज मोठा केला आणि फोन कानबाईपुढे धरला. तिकडे मंगल रडतच होती. म्हणाली, "माय, मनं नाव उनं नही."

"येई, येई," ज्योती म्हणाली. "आते लेतीस अक्का. तू पदर ले."

सगळ्या बायका अक्कांकडे बघू लागल्या. पण अक्का गाईनात. त्या हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. मला वाटलं घसा धरला असेल. ज्योती म्हणाली, "अक्का, म्हना ना, ती ऐकी ऱ्हायनी." अक्कांनी मान हलवली. म्हणाल्या, "लिखेल शे ना, परवानगी नही म्हनीसन."

त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मी वाचलो असतो. अक्कांना टोमणे मारता येतात, चांगले झोंबणारे. पण त्यांच्या तोंडावर तसलं काही नव्हतं. अंगणातून जाताना दुसऱ्याच्या झाडाचं फूल तोडायचं तर विचारावं, इतक्या सरळपणाने त्या माझ्याकडे वळल्या, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि सगळ्या भाऊबंदांसमोर, कानबाईसमोर, मला विचारलं:

"जवाईबुवा, म्हनू का?"

मला सांगायचं होतं की अक्का, गाणं तुमचं आहे, तुमच्या सासूचं आहे, मी कोण? सांगायचं होतं की ते फोनपुरतं असतं, तोंडाला नसतं. पण तिकडे मंगल ताटकळली होती, बाहेर डफ थांबले होते, आणि समजावत बसायला वेळ नव्हता. त्या क्षणी त्या घरात गाणं सुरू होण्याचा एकच मार्ग होता.

"म्हणा," मी म्हणालो.

म्हणजे मी परवानगी दिली. नारळ पाटावर ठेवून ज्या बाईकडून मी ते गाणं काढून घेतलं होतं, तिला तिचंच गाणं म्हणायची मी परवानगी दिली, हातात तिच्याच घरचा चहा धरून. अक्कांनी सूर परत धरला आणि मंगलचं नाव घेतलं. त्या नावाला त्यांचा आवाज जिथे नेहमी फाटतो तिथेच फाटला. फोनमधून हुंदका आला. बायकांनी कानबाई उचलली आणि मी खुर्चीत बसून राहिलो. नदीवर गेलो नाही.

जळगावला घर आल्यावर कुलूप काढता काढता सुनंदा म्हणाली, "कोनाले इचारून?" एवढंच.

मालकीची ती नोंद पुढे रद्द झाली. धुळ्याच्या पार्टीने गाणं परत टाकलं, ठोक्यासकट. मी काही लिहिलं नाही. सदर अजून चालू आहे. बॅटऱ्या अजून चिकटवलेल्याच येतात आणि त्याबद्दल कुणीतरी बोललं पाहिजे. पहूरच्या नानांचं वाक्य मात्र मी परत वापरलेलं नाही. वाचक विचारतात, अविभाऊ, तुमचं ते पालुपद कुठे गेलं? मी म्हणतो, जुनं झालं.

पुढच्या श्रावणात मी आधीच जाऊन अक्कांना सांगितलं की सगळं सुटलं, आता कुणाला काही विचारायचं कारण नाही, माझं चुकलं. चुकलं हा शब्द जावयाच्या तोंडून ऐकून त्याच अवघडल्या. सोमवारी गाणं म्हणायच्या आधी त्यांनी माझ्याकडे वळून परत विचारलं. मी म्हटलं, "अक्का, सांगितलं ना, आता नको." तर समजुतीच्या आवाजात म्हणाल्या, "इचारेल बरं ऱ्हास, जवाईबुवा. मांगल्या साले मंगलनं नाव ऱ्हाई जातं." विचारलं नसतं तर मागच्या वर्षी मंगलचं नाव राहूनच गेलं असतं, असा त्यांचा हिशेब. पाय बरा झालेली मंगल शेजारीच बसली होती. तिनेही मान डोलावली.

या श्रावणात अक्कांचा आवाज बसला आहे. गाणं त्यांच्या नातसुनेने म्हटलं. ती अमळनेरकडची, गेल्या उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली. त्या सकाळचं तिला काहीच ठाऊक नाही. शेजारच्या गल्लीतही आता विचारतात म्हणे. तिथला जावई नरडाण्याच्या एका कारखान्यात आहे, तो हसून "म्हना, म्हना" म्हणतो आणि का विचारतात ते त्याला माहीत नाही.

कानबाई उठवायची वेळ झाली. नातसुनेने पदर घेतला, घसा साफ केला आणि शिकवल्याप्रमाणे आधी माझ्याकडे वळली. तिच्या मागे भिंतीला टेकून अक्का बसल्या होत्या, नीट विचारते ना ते बघत. "म्हनू का, मामाजी?" पोरीने विचारलं. रीतच अशी शे, एवढंच तिला सांगितलेलं होतं.

मी खाली बघून म्हणा म्हटलं.